दोनदा टेम्पो म्हणजे घर

“दमले असं कोण म्हणालं? मी सावकाश येतेय. दमून येणं वेगळं आणि सावकाश येणं वेगळं, डॉक्टर.”

“मावशी, पाच वाजून गेले.”

“जाऊ द्या की. अजून चांगलं लख्ख ऊन आहे. सतरा किलोमीटर राहिलेत म्हणता ना? येते बघा दोन तासांत.”

“दोन तासांत अंधार पडेल. पाच वाजता जो रस्त्यावर असेल तो टेम्पोत. सकाळी निघताना सगळ्यांना वाचून दाखवलं होतं मी.”

“तुम्ही वाचत होतात तेव्हा मी चाकात हवा भरत होते.”

“मग आता ऐका. आज टेम्पो. आणखी एकदा टेम्पोत घ्यावं लागलं तर तिथून सरळ घरी. दोनदा टेम्पो म्हणजे घर. एकोणीस माणसं सांभाळायची आहेत मला. राग मानू नका.”

मावशीनं राग मानला, पण दाखवला नाही. टेम्पोवाल्यानं तिची सायकल उचलायला हात घातला आणि अर्ध्यातच खाली ठेवली.

“काय वजन आहे हो! सायकल आहे का हापसा?”

“नीट धर. सव्वीस वर्षांत टेम्पोत बसली नव्हती ती कधी,” मावशी म्हणाली आणि सायकलशेजारी फळीवर जाऊन बसली. हाडांचे डॉक्टर पुढं टेम्पोवाल्याजवळ बसले. गळ्यातली शिट्टी त्यांनी सदऱ्यात सारली.

फेरीचा तो पहिला दिवस होता. अजून तेवीस बाकी होते.

ही मावशी मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला. धुलाईघर तळघरात आहे. धुवायची चार मशिनं, सुकवायची दोन, आणि एक रोलरची इस्त्री, जी एका अंगानं ओली चादर गिळते आणि दुसऱ्या अंगानं पत्र्यासारखी कडक बाहेर टाकते. रोलरला चादर द्यायची तर दोघी लागतात. एक कोपरा हिच्या हातात, एक तिच्या. मान हलली की झटकायची, भुवई हलली की सोडायची. मावशीच्या समोर अकरा वर्षं एकच बाई उभी आहे आणि मशिनच्या घरघरीत त्या दोघी दिवसाला दहा वाक्यंसुद्धा बोलत नाहीत. पण ती बाई एक दिवस आली नाही तर मावशीला जेवण जात नाही.

घरी चादरीचं दुसरं टोक धरायला माणूस नाही. नवरा त्याच हॉस्पिटलात बॉयलरवर होता. सहा वर्षांमागं छातीत कळ आली आणि वरच्या मजल्यावर नेईपर्यंत तो गेला. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात. ती रविवारी फोन करते, जावई मागून “माझाही नमस्कार सांग” असं ओरडतो, आणि फोन संपतो. तेव्हापासून मावशी मोठी चादर घडी करायची झाली की एक टोक कपाटाच्या दारात घालते, दार दाबून लावते आणि दुसरं टोक धरून मागं मागं सरत भिंतीला टेकते. घडी बरोबर होते. कपाटाला भुवई नाही, एवढंच.

रजेचा घोळ कारकुनानं काढला.

“मावशी, तुमची सव्वीस दिवस रजा पडून आहे. या वर्षात घेतली नाही तर बुडेल.”

“बुडू दे.”

“बुडू दे काय? वरून मला विचारतात. बाई रजा का घेत नाही, आजारी आहे का, कुणाशी भांडण आहे का. मी काय उत्तर देऊ?”

“पण रजा घेऊन करू काय?”

“आता ते मी सांगू? लोक झोपतात. लोक नातेवाइकांकडं जातात.”

मावशीनं आधीची रजा नवरा गेला तेव्हा घेतली होती. बारा दिवस. येणारे-जाणारे दोन दिवसांत संपले. उरलेल्या दिवसांत तिनं घरातलं होतं नव्हतं ते कापड धुतलं. चादरी, अभ्रे, टॉवेल, त्याचे सदरे, पायपुसणी. पडदे तीनदा. तिसऱ्या वेळी पिळताना एका पडद्याची शिवण उसवली, तेव्हा ती मोरीतच बसून राहिली, आणि अकराव्या दिवशी कामावर हजर झाली. बाराव्या दिवसाचं कुणी विचारलं नाही. रविवार कसाही ढकलता येतो, त्याच्या पाठीला सोमवार लागलेला असतो. पण सव्वीस दिवस एकदम म्हटल्यावर तिला मोरीतला उसवलेला पडदा आठवला.

त्याच आठवड्यात हजेरीच्या यंत्राशेजारी नोटीस लागली. मुलांच्या वॉर्डासाठी सायकलफेरी. चोवीस दिवस. वाटेतल्या गावांतून मदत गोळा करायची आणि आजारी मुलांच्या आईबापांसाठी रात्री पाठ टेकायला खोल्या बांधायच्या. ज्याला सायकल येते त्यानं नाव द्यावं.

त्या खोल्यांची गरज मावशीला नोटिशीच्या आधीपासून ठाऊक होती. मुलांच्या वॉर्डात खाटा चाळीस आणि धुवायला चादरी येतात सत्तर-ऐंशी. त्या जास्तीच्या चादरींना फरशीचा राखाडी डाग असतो, फिनेलचा वास असतो. कुणाची आई जिन्याखाली निजली होती, कुणाचा बाप दाराआड बसून रात्र काढत होता, हे चादर सांगते. ती माणसं तिनं कधी बघितली नव्हती. त्यांचे डाग मात्र रोज काढत होती.

पण खोटं कशाला बोला, नाव दिलं ते खोल्यांसाठी कमी आणि रजेसाठी जास्त. सव्वीसातले चोवीस दिवस तिथं जाणार होते. उरलेले दोन पडद्यांना पुरले असते.

“मावशी, तुम्ही?” यादी वाचून डॉक्टर म्हणाले होते.

“सायकल येते त्यानं, असं लिहिलंय ना? येते मला. रोज सहा किलोमीटर जायला, सहा यायला.”

किती जोरात यायला हवी, हे डॉक्टरांनी लिहिलं नव्हतं.

निघाले तेव्हा वीस जण होते. एकोणीस जणांच्या सायकली दोन बोटांवर उचलाव्यात अशा, आणि त्यांचे कपडे अंगाला चिकटलेले. मावशीच्या सायकलला कॅरियर, मडगार्ड, साखळीवर पत्र्याचं झाकण, आणि वाजवली तर अख्खी गल्ली बाजूला होईल अशी घंटी. हॉस्पिटलच्या फाटकातून सगळे एकदम निघाले. पहिल्या पुलापर्यंत पुढच्यांची पिवळी जाकिटं दिसत होती. मग ठिपके दिसले. मग रस्ता तेवढा उरला.

अगदी एकटी होती असंही नाही. तिच्या मागं शेपूट होतं.

फेरीची रीत अशी, की सगळ्यात पुढं डॉक्टर. जिथं वळायचं तिथं ते उतरतात आणि चुन्याच्या जाड खडूनं डांबरावर बाण काढतात. सगळ्यात मागं शेपूट. शेपटीनं शेवटच्या माणसाच्या पुढं कधी जायचं नाही, कुणाचं चाक बसलं तर ते काढून द्यायचं, आणि शेवटचा माणूस वळला की बुटानं बाण पुसून टाकायचा. मागल्या वर्षी दुसऱ्याच कुठल्या फेरीचे बाण तसेच राहिले होते आणि निम्मी माणसं भलत्या गावाला जाऊन पोचली होती, म्हणून ही पुसापुशी.

शेपूट होता एक निवृत्त बस कंडक्टर. त्रेसष्ट वर्षांचा, लांब पायांचा, काटक. तो मावशीच्या मागं शंभर पावलं ठेवून यायचा. जवळ यायचा नाही, कारण जवळ आलं की बोलणं निघतं आणि बोलण्यात वेग जातो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मावशी थांबली की तो शंभर पावलांवर थांबायचा. मावशीनं पाणी पिताना मागं बघितलं की तो दुसरीकडं बघायचा. कुणी सोबत आहे म्हणावं तर सोबत नाही, एकटं आहे म्हणावं तर पाठीला सतत दोन डोळे. असला प्रवास तिनं जन्मात केला नव्हता. दिवसभरात त्याचं एकच वाक्य कानावर पडलं, “बाई, डावीकडनं चाला, ट्रक येतोय.”

तर पहिल्या दिवशी टेम्पो झाला. मुक्काम एका शाळेच्या सभागृहात होता. गाद्या ओळीनं टाकलेल्या, सायकली भिंतीला, आणि जिथं तिथं गिअरच्या गप्पा. कुणी वाईट वागलं नाही. येता-जाता प्रत्येकानं विचारलं, “मावशी, जेवलात ना?” विचारून उत्तर येईपर्यंत माणूस पुढं गेलेला असायचा. अकराव्या माणसाला मावशीनं “नाही” असं सांगून बघितलं. तो “छान, छान” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं दुपारचं जेवण सोडलं. एका हातात पाव, एका हातात हॅन्डल. चढाला उतरायची, पण ढकलतानाही थांबायची नाही. पाचला दहा मिनिटं कमी असताना मुक्कामाच्या आवारात शिरली तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी काहीतरी म्हणेल. सगळे अंघोळी उरकून, पाय भिंतीला वर लावून डोळे मिटून पडले होते. डॉक्टरांनी घड्याळ बघून वहीत खूण केली. मावशीनं नळाखाली आपले कपडे धुतले. तेवढ्यात एक जाड चष्म्याचा इंजिनिअर आपला सदरा घेऊन आला.

“मावशी, तुम्ही धुताच आहात तर...”

“बाळा, मी रजेवर आहे.”

तो ओशाळून गेला. नंतर मावशीला वाटलं, घेतला असता तर निदान दोन शब्द बोलला असता. पण तोवर त्यानं दोरीवर स्वतःच वाळत टाकला होता, बाही उलटी.

तिसऱ्या दिवशी वारा समोरून होता. दुपारी एकच्या सुमारास एका गावाबाहेर कंडक्टरनं मागून हाक मारली.

“बाई, तुम्ही व्हा पुढं. माझं मागचं चाक बसतंय. बघून येतोच.”

मावशी पुढं झाली. दोन किलोमीटरवर रस्त्याकडेला उंच भिंतीचं एक आवार आलं. आत पाण्याच्या पंपाचं घर, आडोसा, आणि नळाला धो धो पाणी. सकाळपासून ती असला आडोसा शोधत होती. नियम होता, की रस्ता सोडून आत जायचं झालं तर पिवळं जाकीट रस्त्याकडेला दिसेल असं अडकवायचं, म्हणजे शेपटीला कळतं माणूस इथं आहे. मावशीनं जाकीट फाटकाला अडकवलं. सायकल आत घेतली, कारण डोळ्याआड सायकल सोडायची तिला सवय नव्हती.

काम उरकून हात धुतले आणि फाटकापाशी आली, तर जाकीट उन्हात नीट दिसलं. खांद्यापासून कमरेपर्यंत साखळीचं काळं ग्रीस. काल रात्री मुक्कामावर सायकली तपासताना टेम्पोवाल्यानं हात याच जाकिटाला पुसला असणार. नळ समोर. खिशात साबणाची वडी. कंडक्टरचं चाक व्हायला अजून वेळ होता. पाच मिनिटांचं काम. तिनं जाकीट काढलं, घासलं, पिळलं, झटकलं.

आणि वाळत घातलं ते भिंतीच्या आतल्या अंगाला.

सव्वीस वर्षं चादरी धुतलेली बाई धुतलेलं कापड रस्त्याच्या धुळीत टाकेल कशी? हात आपोआप आत वळले. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर जाकीट मळकंच राहिलं असतं आणि फाटकालाच लोंबत असतं. मावशी सावलीला टेकली. नळ जोरात वाहत होता, पंप घरघरत होता. धुलाईघरात असल्यासारखं वाटलं तिला, म्हणून बरंही वाटलं. तेवढ्यात बाहेरून कंडक्टर मान खाली घालून, वाऱ्याला शिव्या देत निघून गेला.

जाकीट जरा सुकल्यावर ती रस्त्यावर आली आणि कंडक्टरची वाट बघू लागली. पंधरा मिनिटं गेली. पंचवीस गेली. शेवटी चाकाचं दुखणं मोठं असेल असं म्हणून तिनं सायकल पुढं काढली. तीन फाटे फुटतात तिथं आली तर डांबरावर बाण नाही. नुसता पांढरा फराटा.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाण पुसलाय म्हणजे पुसणारा पुढं गेलाय. ती आता शेपटीच्याही मागं होती.

मागं वळून बघितलं. शंभर पावलांवर कुणी नव्हतं, हजार पावलांवरही नव्हतं. तीन दिवस जे दोन डोळे नकोसे झाले होते ते नाहीत म्हटल्यावर पाठ एकदम गार पडली.

फोन होता. त्यात डॉक्टरांचा नंबर होता, टेम्पोचा होता. पण फोन केला की टेम्पो येणार. टेम्पो आला की मुक्काम, मुक्कामावरून उद्या सकाळची बस, आणि बसमधून उतरलं की दोन खोल्या, कपाट, आणि बावीस दिवस रजा. मावशीनं फोन परत खिशात घातला. सव्वादोन वाजले होते. तीस किलोमीटर तरी असतील.

ती रस्त्यावर गुडघे टेकून बसली. मग आणखी वाकली, एक गाल डांबराला लागेल इतकी. डाग समोरून बघायचा नसतो. धुलाईघरात नवीन आलेल्या पोरी चादर तोंडासमोर धरतात आणि स्वच्छ आहे म्हणतात. चादर आडवी धरायची, उजेड तिरपा घ्यायचा, मग कापड सगळं ओकतं. मावशीनं उन्हाच्या समोर डोकं आणलं आणि फराट्याकडं तिरकं बघितलं. कंडक्टरनं बूट इकडून तिकडं फिरवला होता. वरचा चुना पसरला होता, पण खडीच्या खाचांत बसलेला जागचा हलला नव्हता. जाड रेघ तिथं बाणाचा दांडा. जिथं दोन तिरप्या रेघा एकत्र येतात तिथं टोक. मधला रस्ता.

एक मोटरसायकलवाला कचकन थांबला.

“काय हो बाई, काय हरवलं?”

“रस्ता.”

“रस्त्यावरच तर लोळताय.”

“हा सापडला. पुढचा बघायचाय अजून,” मावशी म्हणाली आणि गुडघे झाडून सायकलवर बसली.

असं तिनं चार ठिकाणी केलं. एका ठिकाणी ट्रकांनी सगळं रगडून टाकलं होतं, तिथं चुकली आणि दोन किलोमीटर जाऊन परत आली. पायांतलं बळ सरत चाललं. वाटेत एका दुकानासमोर तिनं पाणी मागितलं तेव्हा दुकानदारीण म्हणाली, “एकट्याच?” “नाही, वीस जण आहोत,” मावशी म्हणाली. दुकानदारीण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत राहिली.

चारला फोन वाजला. डॉक्टर. मावशीनं नाव बघितलं आणि वाजू दिला. पुन्हा वाजला. मग टेम्पोवाला. मग परत डॉक्टर. सातव्या वेळेनंतर तिनं फोन कॅरियरवरच्या पिशवीत कपड्यांच्या घडीत खोल दाबून ठेवला. तिकडं माणसं काळजीत असतील हे तिला कळत होतं. न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती. पण पाय थांबले नाहीत.

साडेचारला समोरून एक सायकल आली. कंडक्टर. तोंड लालबुंद, सदरा भिजलेला. मुक्कामाला पोचून तो परत फिरला होता. तिच्यासमोर येऊन त्यानं सायकल आडवी घातली आणि आधी नुसताच श्वास घेत उभा राहिला.

“जिवंत आहात?”

“आहे.”

“मी प्रत्येक खड्ड्यात डोकावत आलोय. प्रत्येक! एका ओढ्यात कुणाचं तरी पिवळं पोतं तरंगत होतं, ते काठीनं ओढून बघितलं मी. फोनला काय झालंय?”

“काही नाही.”

“मग उचलला का नाही?”

“उचलला असता तर टेम्पो आला असता.”

कंडक्टरनं खिशातून रुमाल काढून मान पुसली.

“जाकीट कुठं होतं तुमचं? मी बघत बघत आलो.”

मावशीनं सांगितलं. भिंतीच्या आत वाळत घातल्याचं सांगताना तिची मान खाली गेली. कंडक्टर आधी बघत राहिला, मग त्याला हसू फुटलं, मग ते आवरेना.

“धुतलंत? अहो, रस्त्यावरची खूण काढून धुतलीत?”

“ग्रीस होतं.”

“ग्रीस होतं म्हणे!” डोळे पुसून तो गंभीर झाला. “चूक माझीच आहे. तीस वर्षांत एक प्रवासी मागं ठेवून घंटी मारली नाही मी. आज मारली.”

मुक्कामाला कळवायला त्यानं फोन काढला, पण त्या टापूत रेंजच नव्हती. उरलेले नऊ किलोमीटर दोघं शेजारी शेजारी आले. शंभर पावलांचा नियम त्या दिवशी कुणी पाळला नाही.

“तुम्हाला शेपूट व्हायला आवडतं?” मावशीनं विचारलं.

“आवडतं? तीस वर्षं मागच्या दारात उभा होतो मी. ड्रायव्हरला पुढनं रस्ता कसा दिसतो ते एकदा बघावं म्हणून नाव दिलं, तर यांनी पुन्हा मागंच ठेवला. अनुभव आहे म्हणे! आणि राग येऊ देऊ नका बाई, पण तुमच्या मागं सायकल चालवायची म्हणजे सायकल पडू न देण्याचीच कसरत. पोटऱ्या आखडल्यात माझ्या.”

“मग पुढं जायचं होतं.”

“आज गेलो की. बघितलंत ना काय झालं.”

आवारात शिरले तेव्हा पावणेसहा झाले होते. यावेळी कुणी झोपलं नव्हतं. सगळे फाटकाशी उभे. जाड चष्म्याच्या इंजिनिअरनं “आल्या, आल्या” असा गलका केला. टेम्पो मोठ्या रस्त्यानं तिला शोधायला गेला होता, तो अजून परतला नव्हता. डॉक्टरांनी दोघांना आत येऊ दिलं, मावशीला खुर्ची दिली, तिचा गुडघा दाबून बघितला, आणि मग बोलले.

“सात फोन केले आम्ही.”

“वाजले.”

“पोलिसांना कळवायला निघालो होतो. तुमच्या मुलीला काय सांगायचं हे ठरवत होतो. तुम्हाला कल्पना आहे?”

“मी टेम्पोत बसले नाही पण.”

“टेम्पो घाला खड्ड्यात! फोनचं बोला.”

“फोनचं चुकलं,” मावशी म्हणाली. “तुमचा जीव टांगणीला लावला, ते चुकलं. पण तुम्ही मला घरी पाठवणार होतात. तिथं माझं काही काम नाही. चादरसुद्धा कपाटाच्या दारात अडकवून घडी करते मी. बावीस दिवस कुणाशी बोलू, कपाटाशी?”

एक जण उगाच आपल्या सायकलची साखळी फिरवू लागला. डॉक्टरांनी शिट्टीच्या दोरीला पीळ घातला.

“मला ते कळतं, मावशी. पण उद्या खरंच काही झालं तर? पाचचा नियम मी हौसेनं केलेला नाही.”

“पाचचा नियम शेपटीला लागतो का?” कंडक्टरनं विचारलं.

“तुम्हाला? नाही. शेपटीनं सगळ्यांच्या मागून यायचं असतं.”

“मग शेपूट बदला. मी आज नापास झालो. शेवटी तर याच असतात, मागं मी उगाच लोंबतोय. यांना शेवटचं काम द्या. मी पुसलेले बाण वाचत आल्यात या, गाल रस्त्याला लावून. पुढं कुणाचं काही पडलं, राहिलं, तर यांच्या नजरेतनं सुटायचं नाही.”

डॉक्टरांनी मावशीकडं बघितलं.

“पंक्चर काढता येतं?”

“सव्वीस वर्षं मग कोण काढत होतं?”

“मागं कुणी नसेल. दिवसभर. कळतंय ना?”

“आज बघितलं ते.”

डॉक्टरांनी फोन करून टेम्पोवाल्याला परत बोलावलं, वहीत काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं.

“अंधाराच्या आत मुक्कामाला. फोन पहिल्या घंटीला उचलायचा. यातलं एकही चुकलं तर बस, आणि तेव्हा कुणी मध्ये पडायचं नाही. कंडक्टर, तुम्हीसुद्धा.”

“मी कशाला पडतोय? मी पुढं असेन.”

सकाळी सातला सगळे निघाले. कंडक्टर डॉक्टरांच्या बरोबरीनं, सगळ्यात आधी. त्यानं एकदाही मागं बघितलं नाही. मावशी फाटकाशी उभी राहून जाकिटं मोजत होती. एकोणीस मोजली, पुन्हा एकदा मोजली, आणि मग सायकलवर बसली. दुरुस्तीची पिशवी कॅरियरला बांधलेली होती. जाकिटांचे ठिपके झाले, मग रस्ता उरला. पुढं कुणी नाही आणि मागंही कुणी नाही. वारा तेवढा कालच्यासारखाच तोंडावर होता. एका शेतातून कुणीतरी हात केला, तिनं घंटी वाजवली, आणि नंतर कितीतरी वेळ कुणी दिसलं नाही.

पहिलं वळण आलं. चुन्याचा बाण, ताजा, उजवीकडं. मावशी उतरली. बुटानं नुसतं पसरतं, हे तिला आता चांगलं ठाऊक होतं. तिनं पिशवीतून जुन्या टॉवेलचा तुकडा काढला, बाटलीतलं पाणी ओतून भिजवला, गुडघे टेकले आणि खाचांतला चुना निघेपर्यंत डांबर घासलं. एकदा तिरकं बघून घेतलं. टोकाशी थोडा राहिला होता, तोही काढला. मग फडकं पिळून हॅन्डलला वाळत टाकलं आणि पायडल मारलं.